उंदरांना आंबोण

आबाजींची आणि माझी ओळख भांडणाने झाली, हे आधीच सांगून टाकते. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा आहे आणि तिच्या मागच्या अंगाला ॲनिमल हाऊस, म्हणजे आठशे उंदरांचं घर. आत जायचं तर आधी आंघोळ, मग निर्जंतुक केलेले कपडे, डोक्याला कागदी टोपी, तोंडाला मास्क. दहा वर्षांपूर्वी नवीनच कामाला लागलेले आबाजी पहिल्या दिवशी त्या कागदी टोपीवर आपली नेहमीची पांढरी टोपी चढवून आत आले. मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. होऊन लागलेली, अंगात नियम मुरलेले. सगळ्यांदेखत ओरडले.

आबाजी शांतपणे म्हणाले, "ताई, बोडक्या डोक्यानं गोठ्यात शिरायची सवय न्हाई."

"हा गोठा नाही!"

"जनावरं हायती, चारा हाय, घाण काढायची हाय. मग काय देऊळ हाय व्हय?"

सगळे खो खो हसले. मला मात्र तो राग पुढे आठवडाभर पुरला.

आबाजी निघोज्याकडचे. वसाहतीचा पुढचा टप्पा आला तेव्हा त्यांची जमीन गेली आणि घरातल्या एकाला आमच्या कंपनीत काम मिळालं. थोरला मुलगा प्रीतम आधीच एका कारखान्यात चिकटला होता, धाकटा रविराज आयटीआयमध्ये शिकत होता. म्हणून पन्नाशीला आलेले आबाजीच उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलायला आले. त्याआधी त्यांच्या दावणीला शर्यतीच्या गाड्याचे बैल असायचे. घाटात गाडा पळवणारा माणूस, आणि आता तळहातावर मावणाऱ्या जिवांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होता. लोक चेष्टा करायचे. आबाजी म्हणायचे, "दावं न्हाई लागत, येवढाच फरक."

जनावराची त्यांना जी नजर होती ती माझ्याकडे आजही नाही. पिंजऱ्यांच्या मांडणीसमोरून एक फेरी मारायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या वळीतलं पाचवं. आज त्याचं चित्त थाऱ्यावर न्हाई." मी बघायची, तर उंदीर छान पळतोय. दोन दिवसांनी काट्यावर त्याचं वजन उतरलेलं दिसायचं. मला याचा फार राग यायचा, कारण काटा जर्मनीचा होता आणि माझी डिग्री विद्यापीठाची होती.

आमच्याकडे मुख्यतः दोन वाणांचे उंदीर होते. एक काळे, एक पांढरे. त्यांना लांबलचक अक्षरांची आणि आकड्यांची नावं आहेत. आबाजींनी त्यांची काळी आणि पांढरी करून टाकली आणि हळूहळू आम्हीही तसंच म्हणायला लागलो. आमच्या भाग्यश्री मॅडमचं काम बुरशीवरचं. एकाच मापाची बुरशी दोन्ही वाणांच्या फुप्फुसात सोडली तर बहुतेक काळे ती झटकून टाकतात आणि बहुतेक पांढरे आठवड्याभरात खंगून मरतात. चारा तोच, हवा तीच. पांढऱ्यांच्या रक्तात जंतूंशी लढणारं एक प्रथिन जन्मापासूनच तयार होत नाही. किती कमी बुरशीला हा फरक दिसतो आणि नवं औषध तो भरून काढतं का, हे मॅडमना शोधायचं होतं. आबाजी हे सगळं घरी जाऊन मोठ्या कौतुकाने सांगायचे. आमच्या कंपनीत बुरशीवर संशोधन चालतंय, म्हणायचे. कंपनीचा आमच्यापैकी कुणाला नसेल एवढा त्यांना अभिमान होता.

तोच अभिमान पुढे त्यांच्या गळ्याशी आला.

एप्रिल २०२१. प्रीतम आणि रविराज एकाच आठवड्यात कोविडने आजारी पडले. एकाच हॉस्पिटलात, शेजारशेजारच्या खाटांवर. तीच इंजेक्शनं, तोच ऑक्सिजन. स्टिरॉइडने दोघांचीही साखर चढली आणि उतरली. दोघंही घरी आले. आठ दिवसांनी रविराजचा उजवा गाल सुजला, मग डोळा. डॉक्टरांनी सांगितलं, काळी बुरशी. डोळा काढला, टाळूचा तुकडा काढला, तरी ती पुढे सरकतच राहिली. सव्वीस वर्षांचा मुलगा सतरा दिवसांत गेला. प्रीतमला काहीसुद्धा झालं नाही.

बुरशी हा शब्द त्या घराने तोवर एकाच माणसाच्या तोंडून ऐकलेला होता. अंबुबाईंनी, म्हणजे आबाजींच्या बायकोने, सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "ह्यांच्याच अंगावरनं आली ती. रोज त्यातच हात असत्यात ह्यांचं."

हे खरं असणं शक्यच नव्हतं. एकतर आमची बुरशी वेगळ्या जातीची, आणि ती काळी बुरशी मातीत, हवेत सगळीकडे असते. दुसरं म्हणजे, लॉकडाऊनपासून आमचं बुरशीचं काम पूर्ण बंद होतं. सगळे नमुने फ्रीझरमध्ये कुलपात होते आणि किल्ली माझ्याकडे होती. आबाजी तेव्हा फक्त धडधाकट उंदरांना चारापाणी करत होते. मी अंबुबाईंना फोन करून हे सगळं समजावलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "कंपनीची मानसं कंपनीचंच बोलनार." आणि फोन ठेवला.

त्या घरात नंतर भांडण असं झालं नाही. अंबुबाई स्वयंपाक करायच्या, आबाजींचं ताट वाढायच्या आणि पाठ करून बसायच्या. त्यांचे कपडे वेगळे, उकळत्या पाण्यात. आबाजी कंपनीतून आंघोळ करूनच निघायचे, तरी घरी परत मागच्या दाराला आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल नाही. हेही त्यांनी सोसलं असतं. पण प्रीतमला मुलगी झाली, सायली, आणि अंबुबाईंनी तिला आजोबांच्या मांडीवर एकदाही बसू दिलं नाही. पोर रांगत यायची आणि आबाजी आपणहून उठून अंगणात जायचे. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, पाण्याच्या बाटल्यांची बुचं लावता लावता, मान वर न करता. नंतर कधी तो विषय काढला नाही.

भाग्यश्री मॅडमचा अभ्यास २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. वीस काळे, वीस पांढरे, एकवीस दिवस. आबाजींनी मला जिन्यात गाठलं.

"ताई, हे शाबित झालं का मग कागद मिळंल?"

"कसला कागद?"

"का बुरशी सगळ्यांना येकच दिली, तरी येक जगतं आन् येक मरतं. ज्याच्या त्याच्या जन्माचं असतं. कुनी आनून मारलेलं नसतं. मराठीत लिवून, शिक्का मारून."

मी म्हटलं, मिळेल. मी स्वतः टाईप करून देईन. मॅडमच्या कानावर घातलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तनुजा, उंदरांचं माणसांना असं लावू नकोस. रविराजच्या बाबतीत काय झालं ते आपल्याला माहीत नाही." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, तुमचं काय जातंय. मला एखादी गोष्ट बरोबर वाटली की दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हा माझा जुना रोग आहे.

प्रयोग सुरू झाला. चौथ्या दिवशी पांढऱ्यांचे केस उभे राहिले, पाठी वाकल्या. सहाव्या दिवशी चार गेले. नियम असा, की वजन पाचव्या हिश्शाने उतरलं की त्या जिवाला अजून तडफडू द्यायचं नाही, सुईने शांतपणे संपवायचं. सहाव्या दिवशी सात-आठ पांढरे त्या रेषेच्या अगदी जवळ होते. आणि सातव्या दिवसापासून ते घसरायचेच थांबले. दहाव्या दिवशी उभे. बाराव्या दिवशी त्यातले दोन चक्क भुसा उकरत होते. मॅडमनी सगळे आकडे परत तपासले, बुरशीचं माप तपासलं, मी काटा तपासला. चुकलेलं काहीच सापडेना. काळ्या-पांढऱ्यातला फरक आमच्या डोळ्यांदेखत पुसट होत चालला होता.

तेराव्या दिवशी रविवार होता. मी सुट्टीची सांगवीहून स्कूटर काढून आले, कारण चैन पडत नव्हतं. आत आबाजी पांढऱ्यांच्या मांडणीपुढे बसले होते. एका उथळ झाकणात उंदरांच्या चाऱ्याच्या कांड्या चुरून, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवल्या होत्या. त्याचा लगदा चिमटीने एकेका पिंजऱ्यात ठेवत होते, आणि उंदीर त्यांच्या हातमोज्याच्या बोटावर पुढचे दोन पाय टेकून खात होता.

"आबा! हे काय?"

"आंबोण," ते म्हणाले. लपवालपवी काही नाही. "आजारी जनावराला वाळला चारा चावत न्हाई, ताई. बैल बसला का आपन भिजवून न्हाई का देत, तसंच."

"किती दिवस?"

"सात दिस झालं."

"आणि काळ्यांना?"

"ती खात्यात की आपली आपन. त्यांना कशाला?"

मी तोंडाला येईल ते बोलले. दोन्ही वाणांना सगळं सारखं मिळालं तरच फरक जन्माचा आहे असं म्हणता येतं. तुम्ही एकाच वाणाला आंबोण घातलंत, आता हे आकडे कचऱ्यात टाकायचे. तुमचाच कागद होता ना यात? तुमच्याच हाताने तुम्ही तो फाडलात.

आबाजींच्या हातातलं झाकण खाली आलं. कागदाचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. पाठ वाकवून बसलेलं जनावर समोर दिसत होतं आणि त्यांचा हात भिजवायला गेला होता. पन्नास वर्षांची सवय ती. त्यांनी विचारलं, "मग आता?"

"आता परत करायचं. पहिल्यापासून."

"म्हंजी परत वीस पांढरी?"

"वीस पांढरे, वीस काळे."

कागद गेला याचं त्यांना जेवढं वाटलं नाही तेवढं या वीस जिवांचं वाटलं, हे मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "माझ्यापायी," एवढंच म्हणाले.

सोमवारी ते स्वतः मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून आले. मॅडमनी वहीत जे घडलं ते जसंच्या तसं नोंदवलं, तो सगळा प्रयोग बाद केला आणि त्यांना घरी बसवलं नाही. दुसऱ्या वेळी दुसऱ्या कुणाला पांढऱ्यांकडे लावू, असं मीच सुचवलं होतं. आबाजी नको म्हणाले. "मीच करतो. नव्या मानसाच्या हातात ती बुजत्यात."

त्या एकवीस दिवसांत मी त्यांच्या कामावर बारीक लक्ष ठेवून होते, याची मला आता लाज वाटते. त्यांनी एक कांडीसुद्धा भिजवली नाही. भुसा बदलायचे, बाटली लावायचे आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे. पाठ वाकलेला एखादा उंदीर जाळीजवळ येऊन त्यांच्या बोटाचा वास घ्यायला बघायचा. तो गेल्या वेळचा नव्हता, त्याला आंबोण माहीतही नव्हतं, पण आबाजी तिथून बाजूला व्हायचे. सुईची वेळ आली की आता आबाजीच उंदीर धरून द्यायचे. वीस पांढऱ्यांपैकी अठरा गेले. वीस काळ्यांपैकी दोन. इतका स्वच्छ निकाल मॅडमना क्वचितच मिळाला असेल. त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे आले. आबाजींनी पेढा हातात घेतला आणि रुमालात बांधून ठेवला.

मी कबूल केल्याप्रमाणे कागद केला. सोप्या मराठीत, एक पानभर, खाली आमच्या विभागाचा शिक्का. शिक्का मारताना मॅडमना विचारलं नाही. एका रविवारी सकाळी मी तो घेऊन आबाजींच्या घरी गेले. मला वाटत होतं, मी त्या माणसाला सोडवायला चालले आहे.

अंबुबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. आबाजी उंबऱ्यापाशी. सायली अंगणात चप्पल उलटीसुलटी घालून फिरत होती. प्रीतम कामावर होता. मी चहा घेतला आणि कागद उघडून वाचायला लागले. अंबुबाईंनी लसूण बाजूला ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझं नीट ऐकत होत्या. वीस आणि वीस. चारा एक, पाणी एक, बुरशी एक, मापाने मोजून दिलेली. काळे जगले, पांढरे गेले.

"म्हणजे बाहेरून कुणी आणली, कुणाच्या अंगावरून आली, यावर काही नसतं, मावशी," मी म्हटलं. "एकाच्या रक्तात ताकद असते, एकाच्या नसते. प्रीतम आणि रविराज शेजारी होते ना? तसंच."

अंबुबाईंनी आबाजींकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, असं मी शपथेवर सांगेन. आबाजींची मान जराशी वर आली. सायली येऊन त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती आणि तिला कुणी हाक मारली नव्हती. मी इथेच थांबायला हवं होतं.

अंबुबाई म्हणाल्या, "रक्तात नसती म्हंजी? कुठनं येती ती ताकद?"

"जन्मापासूनच असते. आईबापाकडून येते."

हे बोलले आणि कळलं की दोन शब्दांतला पहिलाच त्यांनी ऐकला.

"आईकडनं," त्या म्हणाल्या. मग माझ्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारख्या, "त्यो सातव्याच म्हयन्यात झाला. प्रीतम समदे दिस भरून झाला, अंगावर दोन वर्सं प्याला. रविराजच्या येळंला माझ्या अंगाला दूधच न्हवतं. मी त्याला काय दिलंच न्हाई."

"मावशी, तसं नाही. दूध आणि हे वेगळं आहे. बापाकडूनही येतं ते, आणि माणसांत तर आम्हाला अजून नीट…"

त्या ऐकतच नव्हत्या. "माझ्यातच खोट व्हती म्हना. आन् मी दोन वर्सं ह्यांना बोलत बसले." त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि मूठ वळून आपल्याच पोटावर मारून घेतली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी हातात कागद घेऊन नुसती बसून राहिले.

आबाजींनी उठून त्यांचा हात धरला.

"अगं, न्हाई. थांब. त्या कागदात उंदराचं लिवलंय, मानसाचं न्हाई. ऐक माझं. माझ्याच अंगावरनं आली ती."

अंबुबाईंनी मान वर केली.

"त्या एप्रिलात येक दिस कंपनीत पानी आलं न्हवतं. आंघुळीबिगर तसाच घरी आलो. हातबी धुतलं न्हाईत आन् रविराजच्या खाटंवर बसलो. त्याच्या तोंडावरनं हात फिरवला. तुला सांगितलं न्हाई. भ्यालो मी."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. त्या एप्रिलमधल्या प्रत्येक दिवसाची आबाजींच्या आंघोळीची नोंद माझ्या रजिस्टरात आहे, आणि बुरशी कुलपात होती हे त्यांनाही माझ्याइतकंच माहीत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना साधी थाप मारताना ऐकलं नव्हतं. आणि आता पाणी, हात, खाट, सगळं असं सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं.

अंबुबाईंची मूठ सुटली. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. "मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "मला ठावंच व्हतं! तुमी माझं पोर खाल्लं. दोन वर्सं त्वांड मिटून बसला आन् मला येडी ठरवली." त्या रडत होत्या, शिव्या देत होत्या, आणि मगाशी पांढराफटक पडलेला त्यांचा चेहरा पुन्हा माणसात आला होता. आबाजी मान खाली घालून, व्हय, व्हय, म्हणत होते.

"सायली, इकडं यी! त्याच्याजवळ जाऊ नगंस!"

पोर गुडघा सोडेना. आबाजींनीच तिची बोटं एकेक करून सोडवली आणि पाठीला हात लावून तिला आजीकडे ढकललं.

ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. घरातून अजून आवाज येत होता. मी म्हटलं, "आबा, हे काय केलंत? सुटला होतात तुम्ही."

"मला बोलून ती जगंल, ताई," ते म्हणाले. "सोताला बोलून न्हाई जगायची."

त्यांनी कागद मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि परत माझ्याच हातात दिला. आपल्याजवळ ठेवा, म्हणाले, आणि कुणी विचारलं तर पाणी आलं नव्हतं म्हणून सांगा. मी हो म्हटलं. जे बोलायचं होतं ते मी आत बोलून बसले होते.